पेडल मऊ लागतंय? आधी ॲडजस्टमेंट बघा, मग हवा काढा
ड्रम ब्रेकच्या जुन्या गाड्यांसाठी माहितीपत्रक

ड्रम ब्रेकची जुनी गाडी आली की ग्राहकांचं ठरलेलं वाक्य असतं: "ब्रेकमध्ये हवा आहे, तेवढी काढून द्या." कधी कधी ते बरोबरही असतं. पण बऱ्याचदा हवा नसतेच. लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात आणि मग बाटलीभर ब्रेक ऑइल काढलं तरी पेडल होतं तिथेच राहतं. म्हणून आधी आपल्याच पायाने थोडी तपासणी करून बघा.

एक गोष्ट मात्र आधी. पेडल एकाएकी खाली गेलं असेल किंवा ऑइलची पातळी उतरली असेल, तर गाडी चालवत आणू नका, ओढून आणा. जुन्या बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा) एकाच सर्किटचा असतो. एका चाकाशी गळती झाली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो आणि हाताशी फक्त हँडब्रेक उरतो.

पायाने ओळखा

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना उटी (अडसर) लावा, इंजिन बंद ठेवा. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) असेल तर पेडल चार-पाच वेळा दाबून त्यातला व्हॅक्यूम संपवा आणि थोडं थांबा.

पहिल्या दाबाला पेडल खोल गेलं, पण लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येऊन घट्ट झालं, तर दोष बहुधा ॲडजस्टमेंटचा. लायनर आणि ड्रममधलं अंतर जास्त असलं की एका दाबातलं ऑइल शूंना (लायनर बसवलेल्या कमानींना) ड्रमपर्यंत नेण्यातच संपतं. भराभर दाबलं तर शू पूर्ण मागे येण्याआधीच पुढचं ऑइल पोचतं, म्हणून पेडल वर येतं. हँडब्रेक ओढल्यावर पेडल वर येत असेल तर मागची चाकं आधी बघा.

पंप करूनही पायाखाली स्प्रिंग असल्यासारखं उसळत राहिलं, तर हवा आहे असं धरायला हरकत नाही.

आणि दाब धरून ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर ऑइल कुठेतरी निसटतंय. बाहेर कुठे ओल नसेल तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी वॉशरवर. ही तपासणी अलगद दाबूनही करा. जोरात दाबलं की वॉशरचे ओठ फाकून सिलिंडरला घट्ट बसतात आणि दोष लपून जातो.

ॲडजस्टमेंट

चाक उचलून गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. हँडब्रेक सोडा, त्याची तार ताणलेली राहिली तर शू जागेवर बसत नाहीत आणि सगळं माप चुकतं. ड्रम जाम होईपर्यंत ॲडजस्टर (शू ड्रमजवळ सरकवणारा स्क्रू) फिरवा, मग पेडल एकदा जोरात दाबा म्हणजे शू मध्यावर येतील. ड्रम पुन्हा फिरू लागला तर आणखी घट्ट करा. शेवटी ॲडजस्टर इतकाच सैल करा की चाक हाताने मोकळं फिरावं आणि लायनरची हलकी खरखर जेमतेम ऐकू यावी. काही गाड्यांत पुढच्या चाकाला प्रत्येक शूचा वेगळा ॲडजस्टर असतो, त्यातला एक हमखास विसरला जातो. गंजून बसलेला ॲडजस्टर साध्या पान्याने पिळू नका. त्याचा चौकोन झिजला की काम दुप्पट.

नवे लायनर आणि मऊ पेडल

सगळ्यात जास्त ऑइल वाया जातं ते इथे. ड्रम लेथवर मारून मोठा झालेला असतो आणि नव्या शूची गोलाई मूळ मापाची. लायनर फक्त मधोमध टेकतो, दाब आला की शू वाकतो आणि पायाला हुबेहूब हवा असल्यासारखं वाटतं. ड्रम काढून बघा: लायनर मध्येच चकाकतोय आणि टोकं कोरी आहेत का? तसं असेल तर लायनर ड्रमच्या मापाला घासून घ्यावे लागतात. ड्रम कमाल मापाच्या पुढे गेला असेल तर बदलायलाच हवा. हे माप बऱ्याच ड्रमवर छापलेलं असतं.

ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपने तर मुळीच उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. त्याच वेळी व्हील सिलिंडरचं (चाकात शू ढकलणाऱ्या सिलिंडरचं) रबरी टोपण उचलून बघा. आत ऑइल साचलेलं दिसलं तर सिलिंडर गळतोय. ऑइलने भिजलेला लायनर धुऊन परत बसवू नका.

हवा असेलच तर

हवा आत कुठून आली ते आधी शोधा. ड्रम ब्रेकच्या बऱ्याच मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह पाइपात थोडा दाब धरून ठेवतो, साधारण १० पीएसआय. त्यामुळे चाकांजवळचे वॉशर सिलिंडरला चिकटून राहतात आणि पेडल सोडताना हवा आत ओढली जात नाही. तो खराब झाला, किंवा कुणी डिस्क ब्रेकचा मास्टर सिलिंडर बसवून टाकला, तर काढलेली हवा पुन्हा शिरू शकते.

हवा काढताना निपल (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) बंद झाल्यावरच पेडल सोडा आणि ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. पेडल तळाला आपटू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात गंज असतो, त्यावर वॉशर फाटतो. काढलेलं ऑइल परत ओतू नका.

ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच भरा. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पण हवेतलं पाणी शोषत गेलं की १४० पर्यंत उतरू शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर ऑइल उकळून वाफ झाली की पेडल एकदम मऊ पडतं. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदला. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका. इंजिन ऑइल तर थेंबभरही नको, सगळी रबरं फुगतात.

गाडी आमच्याकडे आणताना एवढं लिहून आणा: पेडल थंड असताना मऊ लागतं की तापल्यावर, पंप केल्यावर वर येतं का, धरल्यावर बसतं का, आणि शेवटचं काम कशाचं झालं होतं. लायनर अलीकडे बदलले असतील तर जुने शू टाकून देऊ नका, तेही सोबत आणा.