घरचा वायफाय राउटर: निवडीमागची पार्श्वभूमी

घरासाठी वायफाय राउटर कोणता घ्यावा, असे आज कोणी विचारले की उत्तरात अँटेना किती, वेग किती आणि किंमत किती एवढेच येते. हे निकष मात्र अलीकडचे आहेत. आपल्याकडे या प्रश्नाचा अर्थ गेल्या वीस वर्षांत अनेकदा पालटला, आणि तो पालटण्यात ग्राहकाच्या पसंतीपेक्षा घरात येणाऱ्या तारेचा, सरकारी अधिसूचनांचा आणि एका प्रसंगी तर पोलीस तपासाचा वाटा मोठा होता.

कायद्याच्या दृष्टीने राउटर हा बिनतारी संच आहे. १९३३च्या कायद्यानुसार असा संच नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागत असे; ऐंशीच्या दशकापर्यंत घरच्या रेडिओसाठी टपाल कार्यालयात शुल्क भरून परवान्याच्या पुस्तिकेवर नोंद करून आणावी लागे, हे जुन्या पिढीला आठवत असेल. रेडिओ तर फक्त ऐकण्याचे काम करतो. राउटर स्वतः लहरी सोडतो. अमेरिकेच्या नियामकाने १९८५मध्ये रेडिओ लहरींचे काही पट्टे परवान्याविना खुले केले, त्यावर १९९७चे बिनतारी जाळ्यांचे पहिले मानक उभे राहिले आणि १९९९मध्ये त्याला ‘वायफाय’ हे बाजारी नाव मिळाले. भारतात खरी मोकळीक जानेवारी २००५मध्ये मिळाली. त्या महिन्यातल्या अधिसूचनांनी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, तर ५ गिगाहर्ट्झमधले ५१५० ते ५३५० आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे दोन तुकडे कमी शक्तीच्या आणि केवळ इमारतीच्या आतल्या वापरासाठी मोकळे केले. सरकारी दूरध्वनी कंपन्यांनी किमान २५६ केबीपीएस वेगाची ब्रॉडबँड जोडणी घराघरांत द्यायला सुरुवात केली तीही त्याच वर्षी. घरगुती राउटरची बाजारपेठ आपल्याकडे जन्माला आली ती या दोन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्यामुळे.

त्या काळात दुकानदार ग्राहकाला पहिला प्रश्न वेगाचा विचारत नसे. ‘फोनच्या लायनीवरचं आहे की केबलवाल्याचं?’ असे तो विचारी. फोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या जोडणीला मागच्या बाजूस फोनची पिन बसणारी खाच असलेला, म्हणजे मोडेम (फोनच्या तारेवरचे संदेश संगणकाला समजतील असे करणारे यंत्र) आणि राउटर एकाच खोक्यात असलेला संच लागे. केबलवाल्याची जोडणी मात्र गच्चीवरच्या स्विचमधून खिडकीवाटे थेट लॅनची वायर होऊन घरात उतरे, आणि तिला मोडेमची गरजच नसे. दिसायला दोन्ही खोकी सारखीच, दोन्हींवर ‘वायरलेस राउटर’ असेच छापलेले, आणि बोलीभाषेत दोघांनाही ‘मोडेम’च म्हणत, त्यामुळे चुकीचे खोके घरी आणून दुसऱ्या दिवशी परत घेऊन जाणारे गिऱ्हाईक दुकानदाराच्या सवयीचे झाले होते. फोनच्या जोडणीत संच भाड्याने घ्यायचा की स्वतःचा विकत आणायचा, हा आणखी एक पेच. विकत आणला तर सेटिंगच्या पानावर ० आणि ३५सारखे, जोडणीची वाट सांगणारे दोन आकडे आपणच भरायचे, आणि पावसाळ्यात जोडणी तुटली की ‘मोडेम आमचा नाही’ हे लाइनमनचे उत्तर ऐकून घ्यायचे. केबलवाल्याकडे वेगळीच अडचण होती. तो जोडणी संगणकाच्या मॅक क्रमांकाशी, म्हणजे प्रत्येक यंत्राला कारखान्यात मिळणाऱ्या ओळख क्रमांकाशी, बांधून ठेवी, त्यामुळे मध्ये राउटर लावला की नेट बंद पडे. म्हणून ज्या राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ची, म्हणजे संगणकाचाच क्रमांक आपला म्हणून सांगण्याची, सोय आहे तो घ्यायचा, हा मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमधला खरा निकष होता. गच्चीवरून उतरलेल्या त्या वायरीतून जूनच्या पहिल्या वादळात वीज आत शिरे. माझ्या पहिल्या राउटरचे वायर येणारे तोंड असेच एका संध्याकाळी जळाले. बाकीचे चार दिवे शेवटपर्यंत हिरवे होते.

या सगळ्या वर्षांत परवलीच्या शब्दाचे कुलूप हा निकष कोणाच्या यादीत नव्हता. कारखान्यातून संच यायचा तो उघडा, आणि जोडणी करून देणारा माणूसही तो तसाच सोडून जायचा. शेजाऱ्याचे वायफाय आपल्या लॅपटॉपवर दिसणे ही गंमत होती, आणि वापरणे हा फार तर आगाऊपणा. २००८च्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांनी हे चित्र पालटून टाकले. २६ जुलै रोजी अहमदाबादेत स्फोटांची मालिका सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीची ई-मेल पोहोचली, आणि तिचा माग काढत तपास पथक नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका सदनिकेपर्यंत आले. तेथे भाड्याने राहणाऱ्या परदेशी नागरिकाचे वायफाय उघडे होते आणि पाठवणाऱ्याने ते बाहेरून वापरले होते. ऑगस्टमध्ये आलेल्या दुसऱ्या ई-मेलसाठी माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे जाळे वापरल्याचे आढळले, आणि १३ सप्टेंबरच्या दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळची ई-मेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून गेली होती.

तपास नेमका त्याच दारांवर का येऊन थांबला, याचे उत्तर राउटरच्या कामाच्या पद्धतीत आहे. जोडणीला बाहेरच्या जगात पत्ता एकच असतो. घरातली सगळी यंत्रे राउटर त्या एका पत्त्यामागे लपवतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला वाटून देतो. सेवा देणाऱ्या कंपनीच्या नोंदवहीत दिसते ते फक्त ग्राहकाचे नाव. आतून कोणी काय पाठवले, याची नोंद असलीच तर ती राउटरच्या तुटपुंज्या स्मृतीत असते आणि बटण बंद करताच पुसली जाते. त्यामुळे पोलिसांच्या हाती पत्ता होता, पण त्या पत्त्यापाशी थांबलेला माणूस नव्हता. आणि ज्याच्या नावावर जोडणी, त्याला ‘मी नव्हतो’ हे सिद्ध करायला कागदाचा कपटाही नव्हता. सानपाड्यातल्या त्या भाडेकरूची कसून चौकशी झाली. त्याचा स्फोटांशी संबंध नसल्याचे पुढे स्पष्ट झाले.

यानंतर जे निर्णय झाले त्यांवर तेव्हाही मतभेद होते आणि माझ्या मते ते अजून मिटलेले नाहीत. जानेवारी २००९मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यावरून फिरून उघडी वायफाय शोधण्याची आणि त्यांच्या मालकांना नोटिसा देण्याची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार खात्याने सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूचना काढून, ग्राहकांकडील वायफायची नोंद आणि वापरणाऱ्याची ओळख पटवण्याची व्यवस्था करण्यास सांगितले. पोलिसांची बाजू समजण्यासारखी होती, कारण उघडे दार म्हणजे तपासाचा तुटलेला दोरा. पण दार उघडे ठेवले कोणी, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. संच अनेकदा कंपनीचाच, भाडेही तीच घेणार, जोडणी तिचाच माणूस करणार, सेटिंगचे पान इंग्रजीत आणि त्याचा परवलीचा शब्द ‘अ‍ॅडमिन’. तरीही जबाबदारी आली ती निवृत्त शिक्षकाच्या किंवा ट्रॅव्हल एजंटच्या गळ्यात. प्रत्येक संच कारखान्यातूनच वेगळ्या परवलीच्या शब्दासह येईल, अशी अट त्याच वेळी उत्पादकांवर घातली असती तर नोटिसांची वेळ बहुधा आलीच नसती. पुढे तसे संच येऊ लागले, आणि आज संचाच्या पोटाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तो शब्द छापलेला असतो. मधली काही वर्षे मात्र ग्राहकाने धास्तीत काढली. काहींनी वायफायचा संच विकत घेऊन त्याचे वायफाय बंदच ठेवले आणि दिवाणखान्यातून आतल्या खोलीपर्यंत वायर ओढली.

ज्यांनी कुलूप लावले त्यांचेही कुलूप बरेचदा नावापुरते असे. डब्ल्यूईपी या पहिल्या सुरक्षा पद्धतीतले दोष २००१मध्येच चव्हाट्यावर आले होते, २००४मध्ये अधिक भक्कम अशी डब्ल्यूपीए-२ ही पद्धत आली आणि २००६पासून प्रमाणित संचांना ती सक्तीची झाली; पण घरात एक जरी जुना लॅपटॉप किंवा स्वस्तातला डोंगल असला तरी तो चालावा म्हणून सगळे घर डब्ल्यूईपीवर उतरे. या पद्धतीच्या साध्या किल्लीला बरोबर दहा चिन्हे लागत, ० ते ९ आणि इंग्रजी वर्णमालेतली पहिली सहा अक्षरे यांपैकीच. दहा अंकी मोबाइल क्रमांक तिथे चपखल बसे. किल्ली म्हणून आपलाच मोबाइल क्रमांक घालायचा आणि जाळ्याला आपलेच आडनाव द्यायचे, असा हा मामला असल्याने जिन्यात उभ्या राहिलेल्या कोणालाही सोसायटीच्या नोटीस फलकापलीकडे काही शोधावे लागत नसे. ‘राउटर घेताना डब्ल्यूपीए-२ आहे ना ते बघा’ हा सल्ला मराठी घरांत रूढ झाला तो या काळात, आणि खोक्यावरच्या मजकुरापैकी ग्राहकाने अर्थ समजून वाचलेली ती कदाचित पहिली ओळ होती.

त्यानंतरची दहा वर्षे वेगाच्या आकड्यांची. २००९मध्ये वायफायचे ‘एन’ मानक पक्के झाले, तोवर त्याच्या कच्च्या मसुद्यावर बेतलेले राउटर दोन वर्षे विकले जात होते. २०१३नंतर ‘एसी’ आले आणि त्याबरोबर ‘एसी १२००’सारखे आकडे खोक्यांवर झळकू लागले. हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज करून वर गोल केलेला. एकच फोन दोन्ही पट्ट्यांवर एकदम बसत नसल्यामुळे ही बेरीज कोणाच्याही वाट्याला कधी येत नाही. त्याहून मोठी मेख मागच्या बाजूला होती. यांतल्या कित्येक स्वस्त राउटरांना वायर येण्याचे तोंड १०० एमबीपीएसचेच होते, म्हणजे नळ मोठा आणि त्याला येणारे पाणी करंगळीएवढे. योजना १० किंवा २० एमबीपीएसच्या होत्या तोवर हे कोणाच्या लक्षात आले नाही. १५० आणि २००च्या योजना आल्यावर मात्र चाचणीचा काटा ९४ च्या आसपास अडकू लागला आणि शिव्या बसल्या त्या सेवा देणाऱ्याला.

दाटीवाटीच्या इमारतींत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा एव्हाना भरून गेला होता, कारण त्याच्या ८३.५ मेगाहर्ट्झमध्ये एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन बसतात आणि ठाण्या-पिंपरीतल्या कोणत्याही मजल्यावर वीसेक जाळी सहज दिसतात. ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने ५४७० ते ५७२५ हा मधला वगळलेला तुकडा मोकळा केला आणि ५ गिगाहर्ट्झमधली परवानामुक्त जागा एकूण ६०५ मेगाहर्ट्झ झाली. दोन पट्ट्यांचा राउटर ही चैन न राहता गरज ठरली ती इथून. त्याच वर्षी मानकांच्या अक्षरांची जागा ४, ५, ६ अशा आकड्यांनी घेतली. हा बदल मात्र ग्राहकाच्या खरोखर सोयीचा.

मग फायबर आले, आणि निवडीचा प्रश्नच बाजूला पडला. फायबरच्या टोकाला बसणारा ओएनटी हा संच प्रकाशाचे संदेश विजेच्या संदेशांत बदलतो, आणि आता त्याच्याच पोटात राउटर आणि वायफाय घालून कंपनी तो अनामत रकमेवर किंवा योजनेबरोबर फुकट देते. त्याचा अनुक्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदवलेला असतो, त्यामुळे बाजारातला दुसरा आणून परस्पर तिथे लावता येत नाही. २०२०च्या टाळेबंदीत एकाच घरात दोन कार्यालये आणि एक शाळा भरू लागली, तेव्हा दारामागे चपलांच्या कपाटावर बसवलेल्या या संचाची मर्यादा सर्वांना एकदम कळली. स्वतःचा चांगला राउटर त्यामागे लावणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याचे वायफाय सुरू ठेवून ओएनटीचेही चालूच ठेवले; मग एकामागे एक दोन राउटर पत्ते वाटू लागले, आणि छपाईयंत्र एका जाळ्यात तर लॅपटॉप दुसऱ्यात असा घोळ झाला. ओएनटीला ‘ब्रिज मोड’वर टाकून राउटरचे काम आपल्या संचाकडे घेणे हा त्यावरचा सरळ उपाय, पण तो ग्राहकाच्या हातात नाही. मी त्यासाठी तीनदा तक्रार नोंदवली. दोनदा ‘समस्या सोडवली’ असा संदेश आला आणि तिसऱ्यांदा आलेल्या मुलाने फोनवरून वरिष्ठाला विचारून चार मिनिटांत ते काम करून दिले.

अलीकडचा वाद ६ गिगाहर्ट्झचा. अमेरिकेने एप्रिल २०२०मध्ये ५९२५ ते ७१२५ हा १२०० मेगाहर्ट्झचा सलग पट्टा वायफायला दिला. आपल्याकडे मोबाइल कंपन्यांना तो आपल्यासाठी हवा होता, तर उपकरणे बनवणाऱ्यांना परवानामुक्त. या ओढाताणीत वर्षे गेली आणि मे २०२५मध्ये केवळ खालच्या ५०० मेगाहर्ट्झला, म्हणजे ५९२५ ते ६४२५ला, परवान्यातून सूट देणाऱ्या नियमांचा मसुदा निघाला. त्यात इमारतीच्या आत कमी शक्तीच्या आणि बाहेर अत्यल्प शक्तीच्या वापराची मुभा होती. तेलविहिरींच्या फलाटांवर आणि ड्रोनवर मनाई होती. दरम्यान ‘६ई’ आणि ‘७’ असे आकडे मिरवणारे महागडे संच दुकानांत आलेले होतेच, आणि भारतीय सेटिंगमध्ये त्यांचा तिसरा पट्टा बंद ठेवलेला होता. ग्राहकाने पैसे मोजले ते तीन पट्ट्यांचे आणि घरी चालवले दोन.