कामाची लिंगाधारित विभागणी

काही कामे बायकांची, काही पुरुषांची असे ठरून जाणे आणि त्यातूनच मजुरी, रजा, बढती व सुरक्षितता यांत फरक पडत जाणे, यास कामाची लिंगाधारित विभागणी म्हणतात. ती आडवी असते (शिवण बायकांकडे, फिटरचे काम पुरुषांकडे) तशी उभीही असते: एकाच क्षेत्रात खालच्या पायऱ्यांवर स्त्रिया, वर पुरुष.

पुण्यात ती कचऱ्याच्या धंद्यात उघडी दिसते. कचरा वेचणाऱ्या बहुतांश स्त्रिया, त्यातही बऱ्याच दलित समाजातील. हातगाडीवरून रद्दी-भंगार विकत घेणारे आणि भंगाराचे दुकान चालवणारे बहुतेक पुरुष. माल एकच. पण विकत घ्यायला हाती भांडवल लागते, आणि काटा ज्याचा, भाव त्याचा. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या संघटनेने वेचकांसाठी ओळखपत्रे मिळवली, स्वतःची भंगार दुकानेही काढली. पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम घेतले. कामाची विभागणी त्याने मोडली नाही. बाई उकिरड्यावरून सोसायटीच्या दारात आली आणि घरटी शुल्क घेऊ लागली. कामाचा दर्जा सुधारला तो एवढ्यानेच, आणि हे ‘एवढे’ थोडे नव्हे.

धुणीभांडी करणाऱ्या मोलकरणींनी १९८० मध्ये शहरात संप केला. पगारवाढ, हक्काची सुट्टी, खाड्याचे पैसे न कापणे हे प्रश्न आजही घरोघरी, एकेकटीनेच सोडवायचे असतात.

कारखान्यांत आडकाठी लेखी होती. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना रात्रपाळी नाकारली. १९७४ मध्ये टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले आणि त्या पुण्यात कंपनीच्या पहिल्या महिला अभियंता झाल्या. आता पिंपरी परिसरात जुळणीच्या लाईनवर मुली दिसतात. मात्र केवळ मुलींची लाईन हीही विभागणीच, आणि त्या मुलींची नोकरी कायम की कंत्राटी, हा प्रश्न लाईनच्या छायाचित्रात दिसत नाही.

काही ठिकाणी विभागणी शब्दांतच मुरलेली असते. अंगणवाडी सेविकेला मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. तिला उपदान (ग्रॅच्युइटी) देय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २०२२ मध्ये. अंगणवाड्या सुरू झाल्या होत्या १९७५ मध्ये.