परत परत वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांसाठी: बाइंडिंगला देण्याआधी हे वाचा

दुरुस्तीला आलेलं पुस्तक आम्ही आधी टेबलावर कण्यावर उभं धरतो आणि हात सोडून देतो. ते आपोआप जिथे उघडतं ते पान बहुतेक वेळा मालकाचं लाडकं पान असतं. यात जादू वगैरे काही नाही, तिथला गोंद सगळ्यात जास्त वेळा वाकलाय एवढंच, पण सांगितलं की लोक लाजतात आणि मग हमखास म्हणतात की हो, हे पान मी कितीदा वाचलंय काय माहीत. तर अशा पुस्तकांसाठी हे पत्रक. एकदा वाचून कपाटात गेलेल्या पुस्तकाला आमची गरज फारशी पडतच नाही.

आधी तुमचं पुस्तक कसं बांधलंय ते बघा. कण्याच्या वरच्या टोकाकडून पाहिलं की छोट्या छोट्या गठ्ठ्यांच्या घड्या दिसतात का? प्रत्येक गठ्ठा म्हणजे एक फर्मा, साधारण 16 पृष्ठांचा, म्हणजे 8 पानं. फर्म्याच्या बरोबर मधे उघडून दोरा दिसला तर पुस्तक शिवलेलं आहे आणि ते तुमच्यानंतरही कुणीतरी वाचेल. दोरा नाही, घड्याही नाहीत, नुसती सपाट कड आणि गोंद, तर ते परफेक्ट बाइंडिंग (नाव कुणी ठेवलं देव जाणे). यात पानांची कण्याकडची कड मशीनवर खरवडतात आणि गरम गोंद लावून कव्हर चिकटवतात, स्वस्त पडतं आणि पटकन होतं, पण साधा गरम गोंद वर्षांनी कडक होतो, मग तुम्ही पाचव्यांदा वाचायला घेता आणि कट्ट असा आवाज येऊन पुस्तकाचे दोन भाग होतात. चूक तुमची नसते, इतक्या वेळा वाचलं जाईल असं ते बनवताना कुणी धरलेलंच नसतं.

मग घरी काय होतं, तर सेलोटेप. कृपा करून सेलोटेप नको! पहिली काही वर्षं छान दिसतो, नंतर त्याचा चिकटा पिवळा पडतो, कागदात मुरतो, पट्टी गळून जाते आणि डाग कायमचा राहतो, आमच्या कामाचा मोठा वेळ कण्यात नाही तर जुना सेलोटेप सोडवण्यात जातो. लॅमिनेशनचं पण तेच, एकदा केलं की कागद परत मिळत नाही.

आम्ही फाटलेल्या पानाला गव्हाच्या स्टार्चची खळ आणि अगदी पातळ जपानी कागद लावतो, कारण उद्या कुणाला ते काढायचं झालं तर पाण्याच्या ओलाव्याने निघतं. सुटलेल्या पानांचं पुस्तक असेल तर पानं पंख्यासारखी एका बाजूला वाकवून कडेला लवचीक पांढरा गोंद लावतो, मग दुसऱ्या बाजूला वाकवून परत, म्हणजे प्रत्येक पानाच्या कडेला दोन्हीकडून गोंद बसतो. कडेला भोकं पाडून आडवी शिलाई मारा असं खूप जण सांगतात, मजबूत होते हे खरं, पण पुस्तक नीट उघडत नाही आणि कण्याजवळची अक्षरं आत गिळली जातात. रेफरन्सला ठेवायच्या जाड फाइलला ठीक आहे, पण झोपण्याआधी एका हातात धरून वाचायच्या पुस्तकाला आम्ही ती करत नाही, आग्रह केलात तर समजावून सांगू आणि तरी नाहीच म्हणू.

कटिंगबद्दल एक कबुली. सुरुवातीच्या काळात एका पुस्तकाच्या कडा सरळ करायला मशीनवर एक घास घेतला आणि त्या घासात समासातल्या पेन्सिलच्या नोंदी अर्ध्या गेल्या. तीन वेगवेगळ्या वयात केलेल्या नोंदी होत्या त्या, अक्षर बदललेलं दिसत होतं. पुस्तक परत देताना मान वर करवत नव्हती. तेव्हापासून विचारल्याशिवाय कड कापत नाही, खोडरबर लावत नाही, आणि पानांत ठेवलेल्या चिठ्ठ्या, तिकिटं, पिंपळपान जे काही सापडेल ते पाकिटात घालून परत देतो. फक्त सुकलेली फुलं आणि लोखंडी पेपरक्लिप परत आत ठेवू नका, एकाचा डाग पडतो, दुसऱ्याला गंज चढतो.

कागद पिवळा का पडतो हे सगळेच विचारतात. 19व्या शतकाच्या मध्यापासून कागद लाकडाच्या लगद्याचा व्हायला लागला, त्यातल्या लिग्निनवर (लाकडाला कडकपणा देणारा घटक) उजेड-हवेचा परिणाम होतो, शिवाय कागदात आम्ल तयार होतं आणि पान ठिसूळ होत जातं. जुन्या पुस्तकाचा तो गोडसर, व्हॅनिलासारखा वास येतो ना, तो याच झिजण्याचा. पिवळेपणा आम्ही घालवत नाही, ब्लीच केलं की कागद अजून दुबळा होतो. पान दुमडलं की तुकडाच पडतोय अशी अवस्था असेल तर आम्ही त्यासाठी एक डबा बनवून देतो आणि वाचायला दुसरी प्रत घ्या म्हणतो. काही जणांना हे पटत नाही, त्यांना तीच प्रत हवी असते, तीच छपाई, तोच डाग, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते कळतं.

घरी एवढं सांभाळा: कपाटातून काढताना कण्याचं वरचं टोक ओढू नका, शेजारची दोन पुस्तकं थोडी आत ढकला आणि मधोमध धरून काढा. नवं पुस्तक एकदम मधून फाकवू नका, पुढून थोडी, मागून थोडी पानं दाबत मधे या. खिडकीचं ऊन नको, भिंतीला चिकटून कपाट नको. हवेतला दमटपणा 60-65 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि ओल आली की कसर पण येते, तिला खळ फार आवडते. पुस्तक भिजलंच तर दोन दिवसांच्या आत वाळायला हवं, पानांत टिपकागद घाला, तो बदलत राहा, पंख्याखाली ठेवा, उन्हात किंवा इस्त्रीखाली नाही.

आणायच्या आधी काही चिकटवू नका. सुटलेली पानं, कव्हरचे तुकडे, कोपऱ्यातून पडलेली नखाएवढी चकती सुद्धा, सगळं एका पाकिटात घालून आणा.