मामा, फोडू काय?

रात्री सव्वाअकराला भाच्याचा फोन. "मामा, बावीस दिवस झालं. चोवीस अंड्यांतली चौदा फुटली. तिघांनी चोच मारून भोक पाडलंय आन् तशीच बसल्यात. राहिलेली सात गपगार हायती. फोडू काय?"

"हात लावू नकोस," म्हटलं. "झाकण पण उघडू नकोस."

भाचा सांगली जिल्ह्यात तासगावजवळ द्राक्षबाग सांभाळतो. औंदा त्याने मोबाईलवर बघून थर्मोकोलच्या खोक्यात दोन बल्ब, एक कंट्रोलर आणि पाण्याच्या दोन वाट्या घालून गावरान अंड्यांसाठी उबवणीचं मशीन केलं. मी हायस्कूलात विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे घरातल्या कुठल्याही बिघडलेल्या वस्तूचा आणि आजारी जनावराचा फोन माझ्याकडेच येतो. या वेळी मात्र मला आनंद झाला. कारण कवचाला भोक पाडून गप्प बसलेलं पिल्लू आत काय करत असतं, ही माझ्या फार आवडीची गोष्ट आहे, आणि ती ऐकायला एरवी कुणाला वेळ नसतो.

आधी हिशेब. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण मोजायचं कुठून ते नसतं. सोमवारी संध्याकाळी अंडी ठेवली तर मंगळवारी संध्याकाळी पहिला दिवस पुरा होतो. भाच्याने सोमवार धरला होता. म्हणजे त्याचे बावीस हे खरे एकवीसच. शिवाय एकवीस ही काही पंचांगातली तिथी नाही, ती उबेची बेरीज आहे. अंड्याला सतत ३७.५ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब मिळाली तर एकवीस. ती कायम अर्ध्या अंशाने कमी पडली तर साधारण एक दिवस उशीर. अंडी आठवड्यापेक्षा जुनी असतील तर साठवणीच्या दर जादा दिवसामागे तासभर आणखी. भाच्याने अंडी चार घरांतून गोळा केलेली, काही बारा दिवसांची. मोठं अंडं लहानापेक्षा थोडं मागे राहतं. हे सगळं मिळवलं की एकाच डब्यातल्या चोवीस अंड्यांनी एका सकाळी सलामी द्यावी ही अपेक्षाच चुकीची ठरते.

ऊब जास्त झाली तर गोष्ट वेगळी. थंडीने गर्भ रेंगाळतो, उष्णतेने मरतो. खुडूक कोंबडी रोज पंधरा-वीस मिनिटं अंड्यांवरून उठून दाणापाणी करून येते, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण डब्यात ४० अंशांच्या वर काही तास गेले तर सगळा घाणाच वाया.

आता माझा आवडता भाग. अंड्याच्या कवचाला साधारण दहा हजार छिद्रं असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण अंडं उकळताना बोथट टोकाकडून बुडबुडे निघतात ते यांतूनच. गर्भाला नाक चालवता येत नाही, भाता हलवता येत नाही. ऑक्सिजन आत येतो, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ बाहेर जाते, ते निव्वळ आत-बाहेरच्या दाबाच्या फरकावर. हरमन रान, अमोस आर आणि चार्ल्स पॅगानेली या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात याचा हिशेब मांडला: ६० ग्रॅमचं अंडं एकवीस दिवसांत सुमारे ६ लिटर ऑक्सिजन घेतं, ४.५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि ११ लिटर वाफ बाहेर टाकतं.

वाफेचं गणित तासगावकरांना मी बेदाण्यावरून सांगतो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, म्हणून आपण घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून तो थर मोडतो आणि मग शेडमध्ये वारं खेळवतो. अंड्यावरही असाच एक पातळ लेप असतो. म्हणून उबवायची अंडी धुवायची नाहीत. धुतली की लेप जातो, पाणी जोरात उडतं, वर जंतूंना वाट मोकळी होते. फरक इतकाच की द्राक्षातलं पाणी जवळजवळ सगळं काढायचं असतं. अंड्याचं पहिल्या अठरा दिवसांत वजनाच्या ११ ते १३ टक्केच जायला हवं. कमीही नाही, जास्तही नाही.

हे ठरतं कशावर? ३७.५ अंशांना अंड्याच्या आत वाफेचा दाब सुमारे ४८ मिलिमीटर पारा इतका असतो. डब्यातली आर्द्रता ५० टक्के असेल तर बाहेर २४. फरक २४. कवच दर मिलिमीटर फरकामागे दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास पाणी जाऊ देतं. गुणाकार ३६० मिलिग्रॅम. अठरा दिवसांत साडेसहा ग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅमच्या ११ टक्के. बरोबर बसलं. आता "पाणी जास्त तेवढं बरं" असं समजून आर्द्रता ८० टक्के ठेवा: फरक दहाच्या खाली, अठरा दिवसांत जेमतेम २.६ ग्रॅम, बाकीचं पाणी आतच तुंबलेलं. आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत वाट्या आटू द्या, आर्द्रता २५ टक्क्यांवर येऊ द्या: पावणेदहा ग्रॅम, १६ टक्के, गर्भ सुकलेला. (इथपर्यंत वाचून जांभई आली असेल तर पुढचा परिच्छेद वाचा, तिथे पिल्लू आहे. माझ्या वर्गातही या गुणाकाराला मागचे बाक झोपायचे.)

गेलेल्या पाण्याच्या जागी हवा येते आणि बोथट टोकाला हवेची पोकळी वाढत जाते. अंधारात अंड्याला बॅटरी लावली की ती टोपीसारखी दिसते. पिल्लाचा पहिला श्वास याच टोपीत होतो. तोवर त्याचं फुप्फुस म्हणजे कवचाच्या आतून अस्तरासारखं पसरलेलं रक्तवाहिन्यांचं जाळं. सतराव्या-अठराव्या दिवसापर्यंत पिल्लाची भूक इतकी वाढते की दहा हजार छिद्रं पुरेनाशी होतात. पोकळीतला ऑक्सिजन १४ टक्क्यांच्या आसपास उतरतो, कार्बन डायऑक्साइड ५-६ टक्क्यांवर चढतो. गंमत अशी की आपल्या फुप्फुसाच्या टोकाशी जे फुगे असतात, त्यांतल्या हवेचं प्रमाणही जवळपास हेच. एक इवलासा कोंडमारा झालेला असतो आणि तोच पिल्लाला ढुशी देतो. मानेच्या मागचा एक स्नायू या दिवसांत मुद्दाम फुगलेला असतो. तो झटका देतो, चोचीच्या शेंड्यावरचा टणक दाणा आतलं पातळ पटल फाडतो आणि चोच पोकळीत शिरते. मशीनला कान लावला तर कवचातून चिवचिव ऐकू येते ती या क्षणापासून. बाहेर अजून ओरखडाही नसतो.

आपलं बाळ जन्मतं तेव्हा मिटलेलं फुप्फुस पहिल्या टाहोसरशी फुगतं. पक्ष्याचं तसं नाही. त्याच्या फुप्फुसात फुगे नसतात, बारीक ताठ नळ्या असतात. त्या फुगवता येत नाहीत. त्यांतलं पाणी हळूहळू शोषलं जाऊन तिथे हवा यावी लागते. म्हणून पक्ष्याला जवळपास एक दिवस दोन्हीकडून श्वास घ्यावा लागतो: थोडा नव्या फुप्फुसातून, थोडा जुन्या जाळ्यातून. विहिरीवर नवी मोटर बसवताना ती पाणी ओढायला लागेपर्यंत जुनी कुणी सोडवत नाही, तसंच हे. पोकळीतली हवाही काही तासांत अपुरी पडते, मग पिल्लू कवचाला टोचा मारतं. आपल्याला दिसतं ते हे भोक. त्यानंतर बारा ते चोवीस तास ते गप्प असतं. याच सुमारास जाळ्यातलं रक्त अंगात ओढलं जातं, आणि पिवळा बलक बेंबीतून पोटात जातो. या बलकावर पिल्लू पुढचे दोन-तीन दिवस दाण्याशिवाय जगतं, म्हणून तर एक दिवसाची पिल्लं खोक्यातून एसटीने गावोगाव जाऊ शकतात. सगळं आवरलं की मग ते आत फिरत फिरत कवचाची टोपी कापतं आणि पाय ताणून बाहेर येतं. हे शेवटचं काम बहुतेकदा तासाभरात उरकतं. माणसं मात्र त्या आधीच्या गप्प तासांत नखं सरसावून बसलेली असतात.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की भोकाच्या कडेचं कवच काढलंस आणि पांढऱ्या पापुद्र्यावर लाल रेघा दिसल्या, तर ते पिल्लाचं रक्त आहे. तू पिल्लाला मदत करत नाहीस, त्याची शीर तोडतोयस.

झाकणाचं काय? फुटलेली चौदा पिल्लं ओली होती म्हणून त्याने संध्याकाळपासून सहा वेळा झाकण उघडून एकेक उचललं होतं. शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता ६५ ते ७० टक्के लागते. दर वेळी झाकण उघडलं की ती वाफ खोलीत जाते आणि भोक पाडलेल्या अंड्याचा पापुद्रा वाळतो. वाळला की कागदासारखा ताठ होऊन पिल्लाला आवळतो. मग ते खरोखरच अडकतं आणि फोडणाऱ्याला वाटतं, बरं झालं फोडलं. ओली पिल्लं डब्यात एक दिवस राहिली तरी उपाशी मरत नाहीत. उलट त्यांची चिवचिव बाकीच्यांना सोबतीची. लाव्ह्याच्या अंड्यांवर मार्गारेट व्हिन्स यांनी १९६०च्या दशकात दाखवलं की एकमेकांना टेकून ठेवलेली अंडी आतून टकटक आवाज करतात आणि त्या आवाजाने मागे पडलेली पिल्लं घाई करतात.

आमच्या आजीचा यावर वेगळाच बंदोबस्त होता. कोंबडी रवणीला बसवताना डालग्यात अंड्यांशेजारी एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा. वळवाच्या विजेने अंडी "गार पडतात" म्हणून. खिळ्याने काही होत नाही आणि गडगडाटाने गर्भ मरत नाही. पण भाच्याच्या डब्यापुरती आजी निम्मी बरोबर निघाली. वीज कडाडली की गावची लाईट जाते, आणि लाईट गेली की अंडी खरंच गार पडतात. त्या तीन आठवड्यांत दोनदा वळीव झाला, एकदा रात्रभर लाईट नव्हती. तेव्हा डब्यावर गोधडी टाकली असती तर खिळ्यापेक्षा जास्त उपयोग झाला असता. तसंच मशीनवाल्यांच्या "शंभर टक्के पिल्लं" या जाहिरातीचं. कोंबडीसुद्धा शंभर टक्के देत नाही. कडकनाथ कोंबड्यांत पैसे गुंतवायला लावून २०१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात शेतकऱ्यांना कसं बुडवलं ते मी विसरलेलो नाही. कोंबडीच्या धंद्यात शंभरचा आकडा दिसला की मी आधी खिसा चाचपतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच गेलो. तीनपैकी दोन पिल्लं आपापली निघाली होती. तिसऱ्याला भोक पाडून चोवीस तास उलटून गेले होते, पापुद्रा तपकिरी आणि कोरडा. अशा वेळी हात लावावा, पण बेताने. कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने पापुद्रा ओला केला, भोकाच्या कडेने नखभर कवच काढलं, लाल रेघ नाही बघून आणखी थोडं. मग पुन्हा डब्यात. संध्याकाळी ते निघालं, एक पाय फाकलेला. चार दिवसांनी गेलं.

गप्प सातांपैकी दोन तेविसाव्या दिवशी फुटली. उरलेली पाच आम्ही अंधारात बॅटरीवर धरली. काहीजण अशी अंडी कोमट पाण्यात सोडून ती हलतात का बघतात. भोक पडलेलं अंडं तर पाण्यात चुकूनही सोडू नये, आणि न पडलेल्यावरही मला तो प्रकार आवडत नाही, केसाएवढ्या तड्यातून पाणी आत जातं. बॅटरीत दोन स्वच्छ उजळली, म्हणजे मुळात फळलीच नव्हती. तीन काळीभोर, हालचाल नाही. पंचविसाव्या दिवशी ती परसात खड्ड्याशेजारी फोडली. (डब्यात ठेवू नका, नासलेलं अंडं फुटलं की वास आठवडाभर जात नाही.) तिन्हींत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, पिसं ओली, आजूबाजूला चिकट पाणी, आणि हवेची टोपी रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. चोच पोकळीपर्यंत पोचलीच नव्हती. दोन वाट्या पहिल्या दिवसापासून काठोकाठ भरलेल्या होत्या.

राहता राहिला उशीर. कपात ताप मोजण्याइतपत कोमट पाणी घेतलं, त्यात घरचा तापाचा थर्मामीटर आणि मशीनच्या कंट्रोलरचा सेन्सर शेजारी शेजारी बुडवले. कंट्रोलर म्हणाला ३७.६. तापाचा ३६.९. त्यातून सेन्सर टांगलेला झाकणाच्या खाली, बल्बजवळ, आणि अंडी तळाशी. डब्यात पंखा नाही, म्हणजे वर ऊब, खाली गारवा.

आता दुसरा घाणा लावलाय. सेन्सर अंड्यांच्या माथ्याला टेकवलेला, कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवलेला, अठरा दिवस एकच वाटी. भाचा सोनाराच्या छोट्या काट्यावर तीन अंडी दर तिसऱ्या दिवशी तोलतो आणि वहीत लिहितो. परवा अठरावा होता. ४६ ग्रॅमचं अंडं ४०.६ वर आलं. काल फोन आला, डब्याच्या झाकणाला त्याने चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलीय. पोरांसाठी नाही म्हणाला, माझ्यासाठीच.