फेलओव्हर, दूरस्थ

एका शहरातला सर्व्हर-समूह बंद पडल्यावर त्याचे चालू काम दूरच्या दुसऱ्या समूहाने हाती घेणे. या दुसऱ्या जागेला व्यवहारात ‘डीआर (डिझास्टर रिकव्हरी) साइट’ म्हणतात. बॅकअप म्हणजेच डीआर, असा समज सर्रास आढळतो. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात पुराच्या भीतीने खरेदीखतांची पेटी माळ्यावर चढवली, तर तो बॅकअप. नागपूरच्या काकांकडे खतांची नक्कल आणि मुखत्यारपत्र असे दोन्ही असेल, तर फेलओव्हर.

बडोद्याची डीआर साइट शंभरेक किलोमीटरवरच्या अहमदाबादला ठेवणे सोयीचे असते. पण 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात भुजइतक्या दूरच्या हादऱ्याने अहमदाबादेतही इमारती कोसळल्या. ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्याची विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हाही पावसाने गुजरातचा मोठा भाग झोडपला होता. म्हणून नागपूर बरे.

मात्र अंतर फुकट मिळत नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. बडोदे-नागपूर सरळ अंतर साधारण 620 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 6 मिलिसेकंद. केबल वळणे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. समकालिक प्रतिकृतीत, म्हणजे प्रत्येक नोंद लगोलग दोन्ही जागी लिहिण्याच्या पद्धतीत, पलीकडून पोच येईपर्यंत प्रत्येक व्यवहार खोळंबतो. असमकालिक पद्धतीत नक्कल मागाहून जाते, त्यामुळे खोळंबा नाही, पण संकटाच्या क्षणी वाटेत असलेल्या नोंदी बुडतात. किती वेळाच्या नोंदी बुडालेल्या चालतील ती मर्यादा ‘आरपीओ’. काम किती वेळात पुन्हा उभे राहावे ती ‘आरटीओ’. शेअर बाजारांसारख्या संस्थांसाठी सेबीने 2021 मध्ये या मर्यादा अनुक्रमे 15 आणि 45 मिनिटे ठरवल्या.

खरी अडचण निदानाची. पलीकडचा समूह गेला, की फक्त मधली लाइन तुटली? उत्तर न येणे दोन्ही बाबतींत सारखेच दिसते. बडोद्याचा फोन लागेना म्हणून काकांनी जागा विकली आणि त्याच दिवशी इकडे वडिलांनीही विकली, तर जो घोळ होईल तोच ‘स्प्लिट-ब्रेन’. तो टाळायला तिसऱ्या शहरात, समजा इंदुरात, एक साक्षीदार सर्व्हर ठेवतात. तिघांपैकी दोघांचे जमले तरच सूत्रे हलतात. एकट्या पडलेल्याने लिहिणे थांबवायचे.

मूळ समूह पुन्हा सुरू झाल्यावर त्याच्याकडे पलीकडे न पोचलेल्या काही नोंदी शिल्लक असू शकतात. त्या मिटवायच्या की हाताने जुळवायच्या, हे ठरेपर्यंत त्याच्याकडे काम परत सोपवत नाहीत.