रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे
इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेचे अधिकारी विमानतळावर थांबून रेड नोटीस निघालेल्या माणसाला पकडतात, हा समज जुना आणि साफ चुकीचा आहे. इंटरपोलला अटकेचा अधिकारच नाही. रेड नोटीस ही हव्या असलेल्या माणसाला शोधून तात्पुरतं अटकेत घ्या, अशी १९६ सदस्य देशांच्या पोलिसांना केलेली विनंती. तिला कायद्याने किती वजन द्यायचं, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. अटक स्थानिक पोलीसच करतात.

विमानतळ-बंदरांवर खरा उपयोग होतो तो इंटरपोलकडे २००२ पासून असलेल्या हरवलेल्या-चोरलेल्या पासपोर्टांच्या नोंदींचा. नोंद करू शकतो फक्त पासपोर्ट देणारा देश, आणि ती उशिरा झाली की चोर निसटतो. म्हणून पासपोर्ट हरवला की लगेच कळवा. कळवल्यावर सापडला, तरी त्यावर प्रवास करू नका: नोंद कायम असली, तर तो सीमेवर जप्त होऊ शकतो.