बाल संगोपन योजना : कोण पात्र, कागदपत्रं कोणती आणि समितीसमोर काय होतं

"मी जिवंत आहे की, मग माझं पोर अनाथ कसं? आम्हाला नाही मिळायची ही योजना." बाल संगोपन योजनेचा विषय काढला की विधवा आयांकडून हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. आणि बहुतेक वेळा ते बोलणाऱ्या बाईचं मूल योजनेला पूर्ण पात्र असतं.

महाराष्ट्र शासनाच्या महिला व बाल विकास विभागाची ही योजना आता 'क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना' या नावाने चालते. ती फक्त अनाथ मुलांसाठी नाही. आई-वडिलांपैकी एक जण गेलेला असला तरी मूल पात्र ठरतं. आई-वडिलांचा घटस्फोट झालाय, वडील सोडून निघून गेलेत, पालक तुरुंगात आहे, किंवा एचआयव्ही, कर्करोग, कुष्ठरोग यांसारख्या आजारामुळे पालकाला मुलाचं बघणं जमत नाही, अशा घरांतली मुलंही यात येतात. अट वयाची : १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत.

घरातला कमावता माणूस गेला म्हणून मुलाला बालगृहात ठेवायची वेळ येऊ नये, ते आईजवळ, आजीजवळ, मामाच्या घरी वाढावं, एवढ्यासाठी हे पैसे आहेत. पुढची प्रत्येक पायरी याच हेतूने आखलेली आहे, हे डोक्यात ठेवलं की मंजुरी देणाऱ्या बाल कल्याण समितीची भीती वाटत नाही.

रक्कम २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये झाली आहे. आधी कितीतरी वर्षं ती ४२५ होती आणि २०२१ मध्ये १,१०० झाली. जुन्या माहितीपत्रकांवर अजून जुनेच आकडे दिसतात, त्यावरून गोंधळू नका. तुमचं प्रकरण स्वयंसेवी संस्थेमार्फत चालत असेल तर संस्थेला शासनाकडून वेगळे २५० रुपये मिळतात. मुलाच्या पैशातून कुणी काही कापून घेत असेल, तर ते नियमात बसत नाही.

कोण काय करतं

हे नीट कळलं की हेलपाटे निम्म्याने कमी होतात. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याचं कार्यालय असतं आणि त्याच यंत्रणेत जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. अर्ज तिथे द्यायचा. चौकशी आणि गृहभेट कक्षाकडून किंवा संस्थेकडून होते. मूल योजनेत घ्यायचं की नाही, हे मात्र बाल कल्याण समिती ठरवते. ही समिती २०१५ च्या बाल न्याय कायद्याने नेमलेली असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची. पैसे विभागाकडून थेट खात्यात येतात. म्हणजे अर्ज एकीकडे, निर्णय दुसरीकडे, पैसा तिसरीकडून. "माझं काय झालं?" असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच मिळतं. "गृहभेट झाली का? अहवाल समितीकडे गेला का? आदेश निघाला का?" असं क्रमाने विचारा, गाडी नेमकी कुठे अडली आहे ते लगेच कळतं.

जिल्ह्याला जाणं परवडत नसेल तर सुरुवात गावातूनही करता येते. ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच असतात आणि सचिव अंगणवाडी सेविका. सेविकेला गावातलं प्रत्येक घर माहीत असतं. कोणाच्या घरी काय घडलंय, हे तिला सांगावं लागत नाही. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो. तिथूनही जिल्हा कक्षाचा पत्ता मिळतो.

अर्जाला शुल्क नाही. एजंट लागत नाही. व्हॉट्सअॅपवर 'हा फॉर्म भरा, चार हजार मिळवा' असे निरोप फिरत असतात. त्यावर मुलाचं आधार आणि पासबुकाचा फोटो पाठवू नका, आधी कार्यालयात विचारा.

कागदपत्रं

लागतात ती अशी : अर्ज, मुलाचं आणि पालकाचं आधार, मुलाच्या जन्माचा पुरावा, शाळेचं बोनाफाईड, रेशन कार्ड किंवा रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, गेलेल्या पालकाचा मृत्यू दाखला, बँक पासबुकाची झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि घरासमोर मूल व पालक उभे असलेला पोस्टकार्ड आकाराचा एक फोटो. या शेवटच्या फोटोने बायका बिचकतात. घर पत्र्याचं आहे, कुडाचं आहे, दाखवायला लाज वाटते. लाजू नका. मूल खरंच याच घरात, याच माणसाबरोबर राहतं, एवढंच त्यातून बघायचं असतं. फोटोसाठी शेजाऱ्याच्या पक्क्या घरासमोर उभं राहिलात, तर उलट गृहभेटीच्या वेळी प्रश्न निर्माण होईल.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते मृत्यू दाखल्यावर. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. घरात दुःख असतं, दिवस-कार्य असतं, नोंद राहून जाते. ३० दिवसांनंतर एक वर्षाच्या आत असेल तर लेखी परवानगी आणि विलंब शुल्क लागतं. वर्ष उलटलं असेल तर नोंदीसाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश घ्यावा लागतो, म्हणजे तहसील किंवा प्रांत कार्यालयाची वाट धरायची. वेळ जातो, पण काम होतं. म्हणून हा कागद आधी हाती घ्या, बाकीचे दोन-चार दिवसांत गोळा होतात.

दुसरी अडचण नावाची. जन्मदाखल्यावर 'बाळू', शाळेत 'बालाजी', आधारवर वडिलांच्या जागी आजोबांचं नाव. प्रत्येक कागद एकेकटा बरोबरच असतो, पण एकत्र ठेवले की तीन वेगळी मुलं असल्यासारखं दिसतं. अर्ज भरण्याआधी सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडा आणि नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव बोट ठेवून वाचा. दुरुस्ती आधारपासून सुरू करा. मुलाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आधारवर नव्याने द्यावे लागतात, तेही याच फेरीत उरकून घ्या.

तिसरी अडचण बँकेची. 'आधार लिंक आहे' असं बँकेत सांगतात आणि तरी पैसे येत नाहीत. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि त्या खात्यात शासनाचा पैसा यावा म्हणून डीबीटीसाठी सीडिंग होणं वेगळं. बँकेत "डीबीटी सीडिंग झालंय का?" असंच विचारा.

नवरा सोडून गेलेल्या, पण घटस्फोट न झालेल्या बाईकडे ना मृत्यू दाखला असतो ना कोर्टाचा कागद. अशा वेळी पोलिसांत केलेली तक्रार, पोटगीच्या दाव्याचे कागद, ग्रामपंचायतीचं पत्र, जे असेल ते जोडा आणि गृहभेटीत सगळं मोकळेपणाने सांगा. अशा प्रकरणात त्या अहवालाचं वजन फार मोठं असतं. पालक तुरुंगात असेल तर कारागृहाचं पत्र लागतं. आजार असेल तर सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र. एचआयव्हीचा कागद मात्र बंद पाकिटात आणि थेट संबंधित अधिकाऱ्याच्याच हातात द्या. संमतीशिवाय ही माहिती उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. गावातल्या कुणालाही हा कागद दाखवण्याची गरज नाही.

गृहभेट आणि समिती

अर्ज दिल्यावर सामाजिक कार्यकर्ता घरी येतो. घरात कोण कोण आहे, चूल कशावर चालते, मूल शाळेत जातं का, दिवसभर कोणाजवळ असतं, हे विचारतो आणि सामाजिक तपासणी अहवाल लिहितो. शेजाऱ्यांशीही बोलतो. त्यानंतर मुलाला घेऊन समितीपुढे यायचा निरोप मिळतो.

इथे बायकांच्या पोटात गोळा येतो. 'मुलाला समितीसमोर हजर करा' हे शब्द कोर्टाचे वाटतात. मी एका आईबरोबर गेले होते. कागदांची प्लॅस्टिकची पिशवी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. आत जायच्या आधी तिने मला हळूच विचारलं, "ठेवून तर नाही ना घेणार याला?" आत टेबलाच्या पलीकडून पहिला प्रश्न मुलालाच आला : शाळेत कोणता विषय आवडतो? पोरगं आईकडे बघत म्हणालं, "चित्रकला." मग घरी कोण असतं, डबा कोण देतं, शाळेत कसं जातोस. आईला दोन-तीन प्रश्न, कागदांवर एक नजर, सही. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. मुलाला घरातून काढण्यासाठी कोणी बोलावत नाही. ते घरातच राहावं याचा आदेश काढण्यासाठी बोलावतात.

अंतिम निर्णयाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. म्हणून निघण्याआधी कार्यालयात फोन करून त्या दिवशी बैठक आहे ना, याची खात्री करा. रोजगार बुडवून, दोन एसट्या बदलून जाणाऱ्या बाईला हा एक फोन फार महत्त्वाचा आहे.

जिल्हा बाल संरक्षण कक्षातच केंद्राच्या मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व (स्पॉन्सरशिप) योजनाही असते. तिथे दरमहा ४,००० रुपये मिळतात, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० रुपये आहे, आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती देते. एकाच मुलाला दोन्हीचा लाभ एकत्र मिळत नाही. अर्ज देताना "आम्ही कशात बसतो?" असं विचारून घ्या.

आदेशानंतर

आदेशाची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. पैसे दर एक तारखेला येतील असं धरून उधारी करू नका. अनेकदा काही महिन्यांची रक्कम एकदम जमा होते. शाळा, पत्ता किंवा बँक बदलली तर कक्षाला लेखी कळवा. मूल शाळेत जातंय याचा दाखला पुन्हा मागितला जातो, गृहभेटही पुन्हा होऊ शकते.

आणि एक आग्रहाची विनंती, मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांना. मंजुरीचं पत्र हातात घेतलेल्या मुलाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकू नका. अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाला काय ऐकावं लागतं, हे आपण बघायला नसतो.

समितीने नकार दिला तर तोही लेखी मागा. अशा निर्णयाविरुद्ध ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. प्रायोजकत्वाच्या किंवा प्रतिपालकत्वाच्या (फोस्टर केअर) निर्णयावर ते जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचं, समितीच्या इतर आदेशांवर बाल न्यायालयात. कुठे जायचं ते नक्की कळत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलांना आणि स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.